संगणकाच्या स्मृतीतील दोष आणि दोषशोधनाची शिस्त

घरी जुळवलेला संगणक बिघडला, म्हणजे त्याच्यावर बहुधा एकच निकाल दिला जातो : 'मदरबोर्ड गेला.' निकाल देणाऱ्याने कॅबिनेट उघडून आत पाहिलेले असते, रॅमची पट्टी एकदा काढून पुन्हा बसवलेली असते, आणि पडद्यावर काही उमटत नाही एवढे एकच निरीक्षण त्याच्या हाती असते. एवढ्याशा पुराव्यावर घरातील एका मोलाच्या वस्तूला मृत ठरवले जाते. पुढचा क्रम ठरलेला आहे. जुन्या पद्धतीचा मदरबोर्ड बाजारात मिळत नाही. नवा आणला तर जुना प्रोसेसर त्यावर बसत नाही. नवा प्रोसेसर घ्यावा तर जुनी रॅम त्याला चालत नाही. अशा रीतीने एका अप्रमाणित संशयापायी जवळजवळ सगळा संगणक नव्याने विकत घेण्याची पाळी कुटुंबावर येते. आणि इतके करूनही कित्येकदा महिन्याभराने तोच दोष पुन्हा डोके वर काढतो, कारण ज्याच्यामुळे दोष उद्भवला होता ते कारण जागच्या जागीच राहिलेले असते.

ताप आला म्हणून कोणी रोग्याचा पाय कापून टाकीत नाही. आधी नाडी पाहतात, ताप मोजतात, रक्त तपासतात, आणि मग औषध ठरते. यंत्राच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा झालेला आहे. तेथे आधी भाग बदलतात आणि त्यातून रोगाचा अंदाज बांधतात. हा क्रम चुकीचा आहे, खर्चाचा आहे, आणि ज्या देशात विद्यार्थ्याचा संगणक हा पुष्कळदा साऱ्या घराच्या बचतीतून उभा राहतो, त्या देशात तो अन्यायाचाही आहे. दोष शोधणे हा एक प्रयोग आहे. त्याला प्रयोगाचे सारे नियम लागू होतात. आणि ते नियम इतके साधे आहेत की शाळेत विज्ञान शिकलेल्या कोणालाही ते पाळता यावेत.

खाऱ्या हवेतील घर

या विचाराची कसोटी पाहण्यास चेन्नईजवळचे कोवलम हे गाव चांगले आहे. केरळातील त्याच नावाचे प्रसिद्ध ठिकाण वेगळे. हे कोवलम चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, मुट्टुकाडूच्या खाडीपलीकडे, बंगालच्या उपसागराच्या अगदी काठावर वसलेले मच्छीमारांचे गाव आहे. पूर्व किनारा मार्ग त्याच्या अंगावरून जातो. पश्चिमेस केलंबाक्कम आणि शिरुसेरी येथे संगणक व्यवसायाची मोठमोठी कार्यालये आहेत. तेव्हा एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस संगणकाचा उद्योग, अशा दोहोंच्या मध्ये हे गाव आहे.

समुद्राच्या लाटा फुटतात तेव्हा मिठाचे सूक्ष्म कण हवेत उडतात. त्यांचे प्रमाण अगदी काठावर फार असते आणि आत जावे तसे ते झपाट्याने घटते. साध्या मिठाचा एक धर्म येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी शोषून स्वतःच विरघळू लागते. पावसाळ्यात बरणीतले मीठ ओले होते ते याच कारणाने. कोरोमंडलच्या किनाऱ्यावर पहाटेच्या वेळी आर्द्रता ही मर्यादा सहज ओलांडते. मग धातूवर बसलेल्या मिठाच्या कणाभोवती खाऱ्या पाण्याचा एक अदृश्य थेंब तयार होतो, आणि अशा थेंबाखाली गंजण्याची क्रिया सुरू होते.

रॅमच्या पट्टीच्या कडेला जे सोनेरी संपर्क दिसतात, त्यांना गंज कसा चढेल, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. सोने गंजत नाही हे खरेच. परंतु तेथील सोन्याचा थर अत्यंत पातळ असून त्याखाली निकेल आणि तांबे असते. थरात सूक्ष्म छिद्रे असतात, पट्टी घालता-काढताना ओरखडेही पडतात. त्या छिद्रांतून खारा ओलावा खाली पोचतो, आणि खालच्या धातूची संयुगे वर येऊन संपर्काच्या पृष्ठावर पसरतात. चौथ्या पिढीच्या डीडीआर स्मृतीच्या एका पट्टीला असे २८८ संपर्क असतात आणि ती अवघ्या १.२ व्होल्ट दाबावर चालते. इतक्या अल्प दाबाला एवढासा अडथळाही पुरेसा होतो. धातूच्या गंजण्याचा अभ्यास ही केवळ पूल आणि जहाजे यांपुरती गोष्ट नव्हे. याच तमिळनाडूत कारैकुडी येथे १९५३ साली सुरू झालेली केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्था या विषयावर दीर्घकाळ काम करीत आली आहे. तिच्या विषयाचा संबंध आता टेबलावरच्या संगणकाशीही आला आहे.

कोवलमसारख्या ठिकाणी याचा एक विलक्षण परिणाम होतो. समजा, तेथील एका विद्यार्थ्याचा संगणक पहाटे सुरू होत नाही, दुपारी कधी सुरू होतो आणि मध्येच निळा पडदा दाखवून थांबतो. तो यंत्र उचलून चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर नेतो. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड म्हणजे जे, ते चेन्नईत रिची स्ट्रीट. चाळीस किलोमीटरच्या प्रवासात यंत्राला हादरे बसतात आणि संपर्क जागचे किंचित हलतात. दुकानातील हवा यंत्राने थंड व कोरडी केलेली असते. दुकानदार रॅमची पट्टी काढून तिच्यावर खोडरबर घासतो. यंत्र चालू लागते. 'काही झाले नव्हते' असे एक दुकान म्हणते, 'बोर्ड कमजोर आहे, बदलून घ्या' असे दुसरे म्हणते; आणि खरा दोष, म्हणजे घरातील खारी ओली हवा, दुकानात कधीच हजर नसतो. यावरून एक तत्त्व निघते. जो दोष ठिकाणावर आणि वेळेवर अवलंबून आहे, त्याचा मुख्य साक्षीदार दुकानदार नसून घरचा माणूस होय. दोष केव्हा घडला, त्या वेळी यंत्र किती काळ बंद होते, पाऊस होता काय, वीज गेली होती काय, याची वहीत केलेली नोंद ही कोणत्याही उपकरणाइतकीच मोलाची असते. डिसेंबर २०२२ मध्ये मांडूस चक्रीवादळ याच किनाऱ्यावर, मामल्लपुरमजवळ, जमिनीवर आले. अशा दिवसांनंतर उद्भवलेला दोष आणि कोरड्या उन्हाळ्यात उद्भवलेला दोष यांना एकच नाव देणे शहाणपणाचे नाही.

चाळीस हजार बिटांपासून सहा हजार कोटींपर्यंत

संगणकाची स्मृती ही काय वस्तू आहे, हे समजल्यावाचून तिच्या दोषांचा अर्थ लागत नाही. भारतात बनवलेल्या संगणकाचा इतिहास येथे उपयोगी पडतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन या मद्रास विद्यापीठाच्या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली जो संगणक बांधला गेला, तो १९६० साली कामास लागला आणि १९६२ साली त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे १,०२४ शब्द मावत. म्हणजे एकंदर ४०,९६० बिट. फेराइटचे एक इवलेसे कडे म्हणजे एक बिट. ते कडे एका दिशेने चुंबकित असले तर शून्य, उलट दिशेने असले तर एक.

आजच्या साध्या घरगुती संगणकातील आठ गिगाबाइट स्मृतीत सुमारे ६,८७२ कोटी बिट असतात, म्हणजे टिफ्रॅकच्या सोळा लाखपटींहून अधिक. येथे प्रत्येक बिट म्हणजे एक सूक्ष्म कपॅसिटर आणि त्याचे दार उघडणारा एक ट्रान्झिस्टर. ही योजना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली व १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. फेराइटचे कडे वीज गेल्यावरही आपली स्थिती टिकवून धरीत असे. कपॅसिटरमधील भार मात्र गळत असतो. म्हणून सर्वसाधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक बिट वाचून पुन्हा लिहावा लागतो. गळक्या घागरींची एक प्रचंड रांग लावावी आणि एकही रिकामी होण्याआधी सगळ्या पुन्हापुन्हा भरीत राहावे, असा हा व्यवहार आहे. त्यातील एखादी घागर इतरांहून अधिक गळकी असली, भरणाऱ्याला क्षणभर उशीर झाला, किंवा पाण्याचा दाब कमी पडला, तर तेथील आकडा बदलतो.

आकडा बदलतो म्हणजे काय होते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १,००० ही संख्या स्मृतीत आहे असे समजावे. तिच्यातील २ च्या चौदाव्या घाताच्या स्थानावरील शून्याचा एक झाला, तर त्याच जागी १७,३८४ वाचले जाईल. हा बिट एखाद्या छायाचित्रात असला तर एका ठिपक्याचा रंग बदलेल आणि कोणास कळणारही नाही; कार्यक्रमाच्या सूचनेत असला तर संगणक थांबेल; आणि हिशोबाच्या किंवा प्रबंधाच्या तक्त्यात असला तर संगणक थांबणार नाही, चुकीचे उत्तर मात्र देईल. या तिहींपैकी तिसरा प्रकार सर्वांत घातक होय.

एका वेळी एकच बदल

दोषशोधनाचा पहिला आणि शेवटचा नियम हा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम लिहून ठेवावा. रॅम बदलली, त्याच वेळी बायोसची मांडणी बदलली आणि तारही बदलली, तर यंत्र सुरू झाले तरी ज्ञान काहीच मिळाले नाही.

या नियमाने चालायचे, तर सोप्या व फुकट परीक्षा आधी, खर्चाच्या नंतर, असा क्रम लावावा. सर्वांत आधी प्रतीक्षा करावी. पाचव्या पिढीची डीडीआर स्मृती प्रथम बसवल्यावर मदरबोर्ड तिच्याशी वेळेचा मेळ जुळवतो. या कामात कित्येकदा काही मिनिटे जातात आणि तेवढा वेळ पडदा काळा राहतो. या काळ्या पडद्याला घाबरून वीज तोडणारे आणि चांगला माल परत करणारे लोक थोडे नाहीत. त्यानंतर मदरबोर्ड स्वतः काय सांगतो ते पाहावे. पुष्कळ बोर्डांवर प्रोसेसर, स्मृती, चित्र आणि आरंभ अशा चार टप्प्यांचे चार दिवे असतात. इतरांत शिट्ट्यांची खूण असते. तिचा अर्थ त्या त्या बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत पाहावा. ऐकीव अर्थावर विसंबू नये.

दुसरी परीक्षा वेगाची. आजकाल स्मृतीची पट्टी तिच्या प्रमाणित वेगापेक्षा अधिक वेगाने चालवण्याची सोय बायोसमध्ये असते आणि विकणारे ती हौसेने चालू करून देतात. हा वेग पट्टीवर छापलेला असला, तरी विशिष्ट प्रोसेसर आणि विशिष्ट बोर्ड यांच्या जोडीला तो झेपेलच असे नाही. म्हणून बायोस मूळ मांडणीवर आणावी. दोष नाहीसा झाला, तर कोणताच भाग मेलेला नाही. त्याच्यावर केवळ शक्तीबाहेरचे ओझे लादले होते. या परीक्षेला एक मोठी परंपरा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या 'व्हर्लविंड' या संगणकात नळ्यांचा विद्युत्‌दाब मुद्दाम कमीअधिक करीत आणि कोणती नळी आधी डगमगते ते पाहून ती बिघडण्यापूर्वीच बदलीत. यंत्राला त्याच्या मर्यादेच्या काठावर नेऊन पाहणे, किंवा काठापासून मागे आणून पाहणे, ही एकाच कल्पनेची दोन रूपे आहेत.

तिसरी परीक्षा विजेची. स्मृतीवर आळ येतो आणि अपराधी एसएमपीएस असतो, असे वारंवार घडते. एसएमपीएसच्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या दाबांत पाच टक्क्यांहून अधिक फरक असता कामा नये. म्हणजे १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यानच आकडा दिसला पाहिजे. बायोसमधील आकडा ढोबळ असतो. साध्या मल्टिमीटरने जाणत्या माणसाकडून तो पडताळून घ्यावा. एसएमपीएसची स्वतःची पेटी मात्र घरी कोणीही उघडू नये. वीज तोडल्यावरही तिच्यातील कपॅसिटरांत प्राणघातक भार राहू शकतो.

चौथी परीक्षा संपर्काची. वीज तोडून, बटण एकदा दाबून उरलेला भार काढून, हात कॅबिनेटच्या धातूला लावून मग पट्टी काढावी. संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसावेत. खोडरबराने काम होते हे खरे, परंतु ते काम होते घासण्याने, आणि घासले जाते ते सोने. आज सुरू झालेले यंत्र त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात अधिक लवकर बंद पडण्याचा संभव वाढतो. पट्टी नुसती काढून-घालून दोष गेला, तर तोही एक पुरावाच आहे. दोष बहुधा पट्टीच्या पोटात नसून संपर्कात आहे, असे तो सांगतो.

पाचवी परीक्षा ही या साऱ्या शास्त्राचा गाभा होय. दोन पट्ट्या आणि दोन स्लॉट आहेत असे मानू. पट्ट्यांना 'क' आणि 'ख' म्हणावे. एका वेळी एकच पट्टी एकाच स्लॉटमध्ये ठेवून चारही जोड्या तपासाव्यात. 'क' पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये चुकली आणि 'ख' दोन्हीत बरोबर चालली, तर दोष 'क' मध्ये आहे. पहिल्या स्लॉटमध्ये दोन्ही पट्ट्या चुकल्या आणि दुसऱ्यात दोन्ही चालल्या, तर दोष स्लॉटच्या बाजूला आहे. चारही जोड्या चुकल्या, तर दोन्ही पट्ट्या एकदम बिघडल्या असे मानण्याआधी, ज्याचा सर्वांशी संबंध आहे अशा गोष्टींकडे, म्हणजे वीज, मांडणी आणि प्रोसेसर यांच्याकडे वळावे. आणि चारही जोड्या चालल्या, पण दोन्ही पट्ट्या एकत्र असता दोष दिसला, तर त्या एकमेकींशी जुळत नाहीत किंवा दोहोंचा भार एकत्र झेपत नाही. चार प्रयोगांत चार भिन्न निष्कर्ष निघतात, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

किती वेळ तपासावे

जोडी तपासायची ती कशाने? मेमटेस्ट८६ हा त्यासाठीचा कार्यक्रम १९९४ पासून प्रचारात आहे. तो पेन ड्राइव्हवरून चालतो, स्मृतीच्या प्रत्येक घरात ठरावीक आकृतिबंध लिहितो आणि परत वाचून पाहतो. त्याच्या निकालात केवळ चूक आहे-नाही एवढेच पाहू नये. दर वेळी त्याच पत्त्यावर चूक येत असेल, तर स्मृतीचे तेच घर कायमचे निकामी झाल्याचा संशय बळावतो. पत्ते विखुरलेले आणि दर वेळी निराळे असतील, तर वीज, वेग किंवा संपर्क यांच्याकडे बोट जाते.

'तासभर तपासले, एकही चूक नाही, तेव्हा रॅम ठीक' असे म्हणणे मात्र गणिताला धरून नाही. एखादा दोष सरासरीने दहा तासांतून एकदा प्रकट होतो असे धरले, तर तासाभराच्या परीक्षेत तो न दिसण्याचा संभव सुमारे ९० टक्के असतो. परीक्षा चोवीस तास चालवली, तर तो न दिसण्याचा संभव ९ टक्क्यांवर येतो. तीस तास चालवली, तर ५ टक्क्यांवर. म्हणजे दुकानातील अर्ध्या तासाच्या परीक्षेने दोष सापडला तर तो खरा मानावा. न सापडला तर त्यावरून काहीही सिद्ध झाले असे मानू नये. घरी यंत्र रात्रभर चालवून ठेवणे शक्य असते, दुकानात ते क्वचितच शक्य असते. घरच्या माणसाची ही दुसरी बाजू वरचढ आहे.

मदरबोर्डाचा अपराध केव्हा मानावा

मदरबोर्ड कधी बिघडतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. १९९९ नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रावण भरलेल्या कपॅसिटरांमुळे असंख्य मदरबोर्ड अकाली निकामी झाले. त्यांची टोके फुगून फुटत असत. आजही फुगलेला कपॅसिटर, जळल्याचा डाग, हिरवट-पांढरा थर, सॉकेटमधील वाकलेली पिन या गोष्टी चांगल्या उजेडात आणि भिंगातून दिसतात, आणि त्या दिसल्या तर बोर्डावरचा आळ रास्त ठरतो. परंतु स्लॉटच्या बाजूला दोष आहे म्हणजे बोर्डातच दोष आहे, असे मानण्याचे दिवस गेले. पूर्वी स्मृतीचे नियंत्रण मदरबोर्डावरील वेगळ्या चिपकडे असे. एएमडीने २००३ पासून आणि इंटेलने २००८ पासून ते प्रोसेसरच्याच पोटात नेले. तेव्हा पहिला स्लॉट चालत नाही याचे कारण प्रोसेसरमध्ये, सॉकेटमधील एखाद्या पिनेत, किंवा पंख्याचे स्क्रू एका बाजूला अधिक आवळल्यामुळे प्रोसेसरवर पडलेल्या तिरक्या दाबातही असू शकते. स्क्रू सैल करून, प्रोसेसर नीट बसवून, पुन्हा समान आवळण्यास पंधरा मिनिटे लागतात. नवा बोर्ड आणण्यास महिन्याचा पगार लागू शकतो. या दोहोंतील पहिले आधी करावे, हे सांगण्यास तज्ज्ञ कशाला हवा?

घड्याळ मागे पडणे आणि मांडणी विसरणे, हा मदरबोर्डाच्या नावावर खपणारा आणखी एक दोष. त्याचे कारण बहुधा बोर्डावरील तीन व्होल्टची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी असते.

खाऱ्या हवेत यंत्र वाचवण्याचे उपायही असेच साधे आहेत. खिडकीच्या समोर, समुद्राच्या वाऱ्यात कॅबिनेट ठेवू नये. आठवडेच्या आठवडे बंद ठेवलेल्या यंत्रात ओलावा अधिक मुरतो. चालू यंत्राच्या उष्णतेने आतली हवा कोरडी राहते, म्हणून ते अधूनमधून चालवावे. थंड केलेल्या खोलीतले यंत्र बंद करून खिडक्या उघडल्या, तर थंड धातूवर दव धरते, हे टाळावे. धूळ वरचेवर काढावी, कारण ओली धूळ मीठ धरून ठेवते.

मुकी चूक

येथवर वर्णिलेली सारी शिस्त, दोष प्रकट झाल्यानंतरची आहे. न प्रकट होणाऱ्या दोषाचे काय? अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग यांना हाच प्रश्न पडला होता. शनिवार-रविवारी चालवायला दिलेले त्यांचे काम यंत्राला चूक आढळताच सोडून दिले जाई. चूक आहे हे यंत्राला कळते, तर ती कोठे आहे हे कळून ती दुरुस्त का होऊ नये, या विचारातून त्यांनी १९५० साली चूक ओळखणारी व सुधारणारी संकेतपद्धती प्रसिद्ध केली. तिच्याच वंशातील पद्धतीने आज मोठ्या सर्व्हरांच्या स्मृतीत दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवतात. एका बिटाची चूक आपोआप सुधारते आणि दोन बिटांची चूक निदान कळते.

ही चैन नव्हे. १९७८ साली इंटेलमधील टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या वेष्टनातील किरणोत्सर्गी द्रव्याच्या लेशातून निघणारे अल्फा कण धडधाकट स्मृतीतही बिट उलटवू शकतात. पुढे २००९ साली बियांका श्रोडर आणि गूगलमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो यंत्रांच्या प्रत्यक्ष नोंदी तपासल्या. वर्षभरात सुमारे एकतृतीयांश यंत्रांत आणि आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत सुधारण्याजोगी चूक निदान एकदा तरी घडली होती. आणि एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याचा संभव फार मोठा होता. ही गणना करता आली, कारण त्या यंत्रांना आपल्या चुका मोजता येत होत्या. बहुतेक घरगुती संगणकांना ती सोयच नाही. ते चुकतात, आणि चुकलो हे सांगत नाहीत. पाचव्या पिढीच्या डीडीआर चिपमध्ये अंतर्गत सुधारणेची सोय असते खरी, परंतु ती चिपच्या आतल्यापुरती. चिप आणि प्रोसेसर यांच्यामधील वाटेवर, म्हणजे गंजलेल्या संपर्कावर, घडलेली चूक तिच्या कक्षेबाहेर राहते.

बँकेच्या आकड्याला संरक्षण हवे आणि विद्यार्थ्याच्या प्रबंधाला नको, असा भेद करण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. चूक ओळखणारी स्मृती किंचित महाग असते, हे मान्य. परंतु ग्राहकांनी ती मागितली नाही, तर ती स्वस्त कधीच होणार नाही. जोवर ती घराघरांत येत नाही, तोवर महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत वेगळ्या साधनावर ठेवणे आणि वर्षातून दोनदा स्मृती तपासणे, एवढे तरी प्रत्येकाने करावे.

दुरुस्तीचा हक्क आणि दुरुस्तीचे ज्ञान

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न हाती घेतला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. विद्युत् उपकरणांच्या कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. ही पावले योग्य दिशेची आहेत. परंतु हक्क कागदावर मिळाला आणि ज्ञान मिळाले नाही, तर तो हक्क वापरणार कोण? अप्रमाणित निकालावरून फेकलेला प्रत्येक चांगला मदरबोर्ड हा कुटुंबाच्या खिशाला बसलेला भुर्दंड तर असतोच, शिवाय तांबे, शिसे आणि विषारी द्रव्यांची जमिनीवर पडलेली भर असते.

म्हणून दोन गोष्टी घडल्या पाहिजेत. दुरुस्ती करणाऱ्याने पावतीवर केवळ 'बोर्ड बदलला' असे न लिहिता, कोणती परीक्षा किती वेळ केली आणि तिचा निकाल काय आला, हे लिहून द्यावे. कुशल आणि प्रामाणिक कारागिराला याची भीती वाटण्याचे कारण नाही. उलट त्याचे कौशल्य ग्राहकाला त्यामुळेच दिसेल. आणि तंत्रनिकेतनांत व शाळांच्या संगणक प्रयोगशाळांत, केवळ कार्यक्रम लिहिणे न शिकवता, एक बिघडलेले यंत्र समोर ठेवून दोष शोधण्याचा तासही असावा. विद्यार्थ्याने अनुमान मांडावे, एकच बदल करावा, निकाल लिहावा आणि चुकीचे अनुमान मोकळ्या मनाने सोडून द्यावे. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात वैज्ञानिक पद्धतीवर जे प्रकरण असते, त्याचा याहून स्वस्त आणि याहून खरा प्रयोग दुसरा सापडणार नाही.

टिफ्रॅक बांधणाऱ्यांना कोणी तयार सुटे संगणक देणारे दुकान उपलब्ध नव्हते. नळी बिघडली तर ती कोणती, हे त्यांना स्वतःच शोधावे लागे. आज दुकाने मुबलक आहेत आणि भाग तयार मिळतात; त्यामुळे शोधण्याची सवय मात्र सुटत चालली आहे. कोवलमच्या काठावरील घर असो की कोकणातील, खारी हवा कोणास चुकलेली नाही. तिच्याशी झगडण्यास नवा मदरबोर्ड नेहमी लागतोच असे नाही. एक वही, एक मऊ कापड, रात्रभराची परीक्षा आणि पुराव्यावाचून निकाल न देण्याचा निर्धार, एवढी सामग्री बहुधा पुरेशी होते.